आजोबा ‘नेव्हीत’ होते की कंपनीच्या बोटीवर? शोधाला येण्याआधी हे वाचा

दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची माहिती काढून देण्याचं काम आम्ही रत्नागिरीत बसून करतो. आमच्याकडे येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: “आमचे आजोबा नेव्हीत होते, लढाईत त्यांची बोट बुडाली.” दुसरंही ठरलेलं: “नेव्हीला अर्ज केला होता, नोंद आढळत नाही असं उत्तर आलं.” या दोन वाक्यांच्या मधे घरच्यांचं वर्ष, दोन वर्षं गेलेली असतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून हे पत्रक.

आपल्याकडे बोटीवर गेलेला प्रत्येक माणूस ‘नेव्हीत’ असतो. बोलायला ते ठीक आहे, शोधायला नाही. त्या काळी दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या होत्या. एक सरकारी आरमाराची, म्हणजे १९३४ पासून जिला रॉयल इंडियन नेव्ही म्हणत ती. दुसरी खासगी कंपन्यांच्या माल आणि प्रवासी वाहणाऱ्या बोटींवरची, म्हणजे मर्चंट नेव्ही. युद्धात पाणसुरुंगांचा आणि टॉर्पेडोंचा मार दोघांनीही खाल्ला, पण त्यांचे कागद कधीच एका कपाटात नव्हते. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये या खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्यांची जी यादी तिथे आहे, तिच्यात आरमाराचे लोक चारशेच्या आसपास आणि व्यापारी बोटींवरचे सहा हजारांहून अधिक. तेव्हा तुमचे आजोबा कुठल्या बाजूला असण्याची शक्यता जास्त, ते तुम्हीच ताडा. नेव्हीचं उत्तर खोटं नसतं. आपण दार चुकीचं ठोठावलेलं असतं. वाईट याचं वाटतं की ते उत्तर फाइलला लागतं आणि घरात हळूहळू ‘आजोबा खरंच गेले होते का’ असं बोललं जाऊ लागतं.

हे घरबसल्या कसं ओळखायचं? आजोबांचा हुद्दा आठवा. सारंग, टिंडल, सुकाणी, आगवाला, कोळसेवाला, भंडारी, बटलर यांतला शब्द घरात बोलला जात असेल तर बोट जवळपास नक्की कंपनीची. गोव्याकडच्या आणि सावंतवाडीकडच्या घरांत मुंबईत धोबीतलावच्या ‘कुडा’ची, म्हणजे एका गावच्या लोकांच्या राहण्याच्या सामायिक जागेची आठवण निघते, तिथेही बोट कंपनीचीच. स्टोकर, टेलिग्राफिस्ट, गनर असे शब्द असतील, कराचीच्या ट्रेनिंगची किंवा आरमारी बोटीच्या नावाआधी लागणाऱ्या ‘एचएमआयएस’ अक्षरांची आठवण असेल, तर आरमार. टोपीतला फोटो मोठा करून फितीवरचं बोटीचं नाव वाचून द्या, असा आग्रह बरेच जण धरतात. युद्धात गुप्ततेसाठी त्या फितीवर बोटीचं नाव घालत नसत, नुसती ती अक्षरं असत. फोटो मोठा करण्यात पैसे घालू नका.

मनिऑर्डरची कुपनं फोटोपेक्षा जास्त बोलतात. राजापूर तालुक्यातलं एक कुटुंब नेव्हीला दोनदा अर्ज करून आमच्याकडे आलं होतं. आणलेल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी मिठाच्या पुडीसारखी घडी केलेली चार कुपनं होती. पाठवणाऱ्याच्या जागी मुंबईच्या एका जहाज कंपनीच्या एजंटाचा शिक्का, आणि मागे पेन्सिलीने, घरच्याच कुणाच्या तरी हातचं, ‘आगवाला’. एवढ्यावर शोधाची दिशा बदलली. आजोबांचं नाव स्मारकाच्या यादीत होतं. दोन्ही अर्जांत लावलेलं आडनाव मात्र तिथे नव्हतंच.

हा नावाचा मुद्दा सगळ्यांना लागू आहे. तेव्हाच्या कारकुनाने आडनाव क्वचितच लिहिलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, झालं. दाऊद, इब्राहिम, गोविंद, पांडू यांची इंग्रजी स्पेलिंगं ज्याला जशी सुचली तशी. म्हणून आजोबांच्या वडिलांचं आणि बायकोचं नाव आम्ही आधी विचारतो. जिल्हाही तेव्हाचाच धरायचा: आजचा सिंधुदुर्ग बराचसा रत्नागिरीत होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. हे दोन्ही बदल १९८१ चे. मालवणच्या माणसाला ‘सिंधुदुर्ग’ टाकून शोधलंत तर तो सापडणार नाही.

युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. ती आधी तुम्ही स्वतः बघा, आम्हाला त्यात काही वाईट वाटत नाही. व्यापारी बोटींवरचे आपले लोक लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर शोधू नका. त्यांची नोंद ‘बॉम्बे/चितगाव’ स्मारकाखाली, म्हणजे वर सांगितलेल्या मस्जिद बंदरच्याच यादीत आहे, त्या यादीची एक प्रत चितगावच्या युद्धस्मशानभूमीतही ठेवलेली आहे. नाव मिळालं नाही तरी निराश होऊ नका. व्यापारी खलाशाचं मरण युद्धामुळे आलं असेल तरच तो या यादीत येतो. बोटीवर तापाने गेलेला माणूस तिथे नसतो, त्याचा माग दुसरीकडून काढावा लागतो. आणि १४ एप्रिल १९४४ ही तारीख घरात कुणाच्या तोंडी असेल तर ती आम्हाला आवर्जून सांगा. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट स्फोट होऊन फुटली. ‘बोटीवर गेले’ म्हणून सांगितले जाणारे काही जण खोल समुद्रात नाही, गोदीतच गेलेले असतात.

घरात नली असेल तर अर्धं काम झालं. नली म्हणजे खलाशाचं सर्टिफिकेटचं पुस्तक, आज ज्याला सीडीसी म्हणतात ते. तिच्यात प्रत्येक सफरीची एक ओळ असते: बोटीचं नाव, तिचा अधिकृत क्रमांक, कधी चढला, कधी उतरला. तो क्रमांक आम्हाला नावापेक्षा मोलाचा, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी असत, क्रमांक मात्र एकीचाच. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९३९ नंतरच्या खलाशांच्या याद्या याच क्रमांकाने लावलेल्या आहेत. शेवटची नली बहुधा बोटीबरोबरच गेलेली असते. घरी राहते ती आधीची, भरलेली. तीही चालते, कारण कंपनी बहुतेक वेळा तीच राहिलेली असते.

आता आमच्याबद्दलच्या तक्रारीकडे येतो. नुसतं नाव व्हॉट्सॲपवर पाठवलं तर आम्ही काम सुरू करत नाही, यावर काही जण नाराज होतात. त्यामागे कारण आहे. एकाच खाडीकाठच्या तीन गावांत एकाच नावाचे, एकाच बापनावाचे माणूस आम्ही पाहिले आहेत. चुकीच्या माणसाची मरणतारीख घेऊन एखादं घर दरवर्षी श्राद्ध घालेल किंवा फातेहा पढेल, ते आमच्या हातून होऊ नये. म्हणून नाव, बापाचं नाव आणि गाव, किंवा नाव आणि बोट, असं किमान जुळल्याशिवाय आम्ही ‘सापडले’ हा शब्द वापरत नाही. पहिल्यांदा कागद बघून दिशा सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. लंडनचे कागद काढायचे झाले तर तिथल्या माणसाच्या तासांचा खर्च आधी घेतो, आणि काही निघालं नाही तरी तो परत होत नाही, कारण तास खर्च झालेले असतात. हे आधी स्पष्ट सांगतो आणि लिहूनही देतो.

पेन्शन किंवा भरपाई मिळेल का, हेही रोज विचारलं जातं. आम्ही तसं आश्वासन देत नाही. देणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देण्याआधी एकदा आमच्याशी बोला. आमच्याकडून मिळतं ते एवढं: बोटीचं नाव, ती कुठे आणि कशी बुडाली, आजोबांचा हुद्दा, यादीतल्या नोंदीची प्रत, आणि हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत मराठीत किंवा उर्दूत. कागद आरमाराचे निघाले तर मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला आणि व्यापारी निघाले तर मुंबईच्या शिपिंग मास्टरच्या कचेरीला करायचा अर्जही आम्ही तयार करून देतो.

येताना पेटी आहे तशी आणा. चिकटलेले कागद घरी सोडवू नका, इस्त्री करू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर अजिबात करू नका. आम्ही तुमच्यासमोर फोटो काढतो आणि मूळ कागद त्याच दिवशी तुमच्या हाती परत देतो. शक्य असेल तर घरातली सगळ्यांत वयस्क बाई सोबत आणा. तार कोणत्या सणाच्या आसपास आली, हे बहुतेक घरांत तिलाच आठवतं, आणि तारीख तिथूनच लागते.