घरून काम म्हणजे कामचुकारपणा? मुळीच नाही

"घरी बसलेला माणूस काम कमीच करतो" हा समज लॉकडाऊनच्याही आधीपासूनचा आहे. तो चुकीचा आहे, आणि हे मोजून पाहिलं गेलंय.

चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीने 2010 च्या अखेरीस शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते. इच्छुकांपैकी सम जन्मतारखेचे आठवड्यातले चार दिवस घरून काम करणार, विषम तारखेचे ऑफिसातच. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. त्यातले 9 टक्के सुट्ट्या आणि मधले ब्रेक कमी झाल्यामुळे. उरलेली वाढ दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, कारण घरी शांतता होती.

पण निवडतानाच अट होती: घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड हवं. ही अट सगळे विसरतात, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडे मुलांचा अभ्यास, आणि मध्ये पलंगाच्या कडेवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी. तिला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

प्रयोगानंतर निवडीची मुभा मिळाली, तेव्हा घरून काम करणारे जवळपास निम्मे जण ऑफिसात परतले. मुख्य कारण होतं एकटेपणा.