रिलेटिव्ह (इंग्रजी शब्द)

रिलेटिव्ह हा इंग्रजी शब्द विशेषण म्हणून ‘सापेक्ष’, तर नाम म्हणून ‘नातेवाईक’ या अर्थाने वापरतात. वरवर या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही.

मूळ लॅटिन क्रियापद ‘रेफेरे’, म्हणजे मागे किंवा परत नेणे. त्याच्या ‘रेलातुस’ या रूपावरून पुढे ‘रेलातिवुस’ झाले. 14व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो व्याकरणाची संज्ञा म्हणून: वाक्यातल्या दुसऱ्या नामाशी सांधा जुळवणारे सर्वनाम, आपल्या व्याकरणातले संबंधी सर्वनाम ‘जो’. ‘नातलग’ हा अर्थ बराच नंतरचा, 17व्या शतकाच्या मध्यापासूनचा. एकट्याने कोणी नातेवाईक होत नाही. तो कोणाचा तरी असावा लागतो. उंच-ठेंगणेही कशाच्या तरी मानानेच ठरते. दोन्ही अर्थ जोडणारा धागा हाच.

विज्ञानात पहिलाच अर्थ चालतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल तेवढ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प. पाऱ्याची सापेक्ष घनता सुमारे 13.6, ती पाण्याच्या तुलनेत असल्याने तिला एकक नाही.

फ्रेंच ‘रलातीफ’ आणि जर्मन ‘रेलाटिफ’ या भावंडांना नातलग हा अर्थ नाही. त्यामुळे सापेक्षता सिद्धान्त आणि सासरची मंडळी यांवरचे विनोद इंग्रजीतच पिकतात. खुद्द आइन्स्टाइन यांची दुसरी पत्नी एल्सा (विवाह 1919) त्यांची मावसबहीण होती, आणि वडिलांकडूनही दूरच्या नात्यातली.

मराठीत सापेक्ष आणि नातेवाईक यांची गाठ पडत नाही. ‘संबंधी’ तेवढा व्याकरणातही आहे आणि घरातही. नात्यांच्या बाबतीत मराठीची वीण अधिक बारीक: लग्नाने जोडले गेलेले ते सोयरे, मुलाचे किंवा मुलीचे सासरे ते व्याही. बोलण्यात मात्र ‘रिलेटिव्हकडे लग्न आहे’ एवढ्यावर भागते. कोण, कोणाकडून, हे पुन्हा विचारावे लागते. जोडीच्या ‘रिलेशन’ शब्दाचे तर आणखी गमतीचे. ‘ते आमच्या रिलेशनमधले’ म्हणजे नात्यातले. तरुण पिढीत ‘रिलेशनमध्ये आहेत’ म्हणजे प्रेमात.

कायद्याला असली मोघम भाषा चालत नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 2(77) मध्ये ‘रिलेटिव्ह’ची व्याख्या आहे. पती-पत्नी, एकत्र हिंदू कुटुंबातील सदस्य आणि नियमांत नेमून दिलेली नाती त्यात येतात: आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्र आई-वडील, सावत्र मुलगा आणि सावत्र भावंडेही धरली आहेत. मामा आणि मावशी या यादीत नाहीत.