एव्हरेट ट्रू (चित्रपट्टी)

सार्वजनिक ठिकाणी बेशिस्त वागणाऱ्यांना तिथल्या तिथे बदडून काढणाऱ्या एका तापट गृहस्थाची अमेरिकन वृत्तपत्रीय चित्रपट्टी. रूढ नाव ‘द आउटबर्स्ट्स ऑफ एव्हरेट ट्रू’, म्हणजे एव्हरेट ट्रूचे संतापाचे झटके. चित्रे ए. डी. कॉन्डो यांची, मजकूर जे. डब्ल्यू. रेपर यांचा. ती २२ जुलै १९०५ रोजी सुरू झाली आणि जानेवारी १९२७ मध्ये थांबली. वितरण क्लीव्हलंडच्या न्यूजपेपर एंटरप्राइज असोसिएशनकडे होते. ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांनी १९०२ मध्ये उभारलेली ही संस्था अनेक वृत्तपत्रांना तयार मजकूर आणि चित्रे पुरवी.

एव्हरेट स्थूल आहे, टकला आहे. डोक्यावर गोल बोलर टोपी, हातात बहुधा छत्री. त्याचा पोशाख त्या काळीही जुनाट वाटावा असा. पट्टी सहसा दोनच चौकटींची. पहिलीत कुणीतरी आगाऊपणा करतो: रस्त्यात बायकांकडे टक लावून बघतो, नाटकगृहात मागे बसून बडबडतो, नको असलेला सल्ला देतो. दुसरीत तो माणूस आडवा झालेला असतो आणि एव्हरेट फुग्यातून त्याला त्याचा गुन्हा समजावून सांगत असतो. आधी प्रसाद, मग प्रवचन.

ट्राममधले प्रसंग आजही लगेच कळतात. उन्हाळ्यात अमेरिकन शहरांत उघड्या ट्राम धावत. त्यांची बाके आडवी, डब्याच्या रुंदीभर. चढायचे ते कडेच्या फळीवरून. वाऱ्याची कडेची जागा पटकावून आत न सरकणाऱ्याच्या गुडघ्यांवरून बाकीच्यांना, लांब झग्यातल्या बायकांनाही, आत जावे लागे. अशा माणसाला वर्तमानपत्रांनी ‘एंड-सीट हॉग’, म्हणजे कडेच्या जागेवरचे डुक्कर, असे नावच दिले होते. (लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) पाय फाकून दोघांची जागा अडवणाराही एव्हरेटच्या तावडीतून सुटला नाही. ती पट्टी शतकभरानंतर समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागली.

चित्रपट्टीची खरी करामत मात्र नसलेल्या तिसऱ्या चौकटीत आहे. पोलीस येत नाही, कोर्ट भरत नाही, मार खाल्लेला उलटून मारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी एव्हरेट नव्या ट्राममध्ये कोरा करकरीत हजर. राग आला आणि हात उठला, या दोहोंमध्ये आपण जे गिळतो ते सगळे दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत नाहीसे होते. एरवी हा माणूस गुंडच म्हणायला हवा. चार चौकटी मिळाल्या असत्या तर वाचकानेही तसेच म्हटले असते.

याची जाणीव कर्त्यांना असावी, कारण एव्हरेटही अधूनमधून चुकतो आणि तेव्हा त्याची गाठ पत्नीशी पडते. तिच्यापुढे त्याचे काही चालत नाही. लोकांना धडा शिकवणारा घरी मार खातो, हा विनोद स्वस्त आहे खरा. पण पट्टीला उपदेशाच्या डोसापासून वाचवतो तो हाच.

‘मिस्टर स्कायगॅक, फ्रॉम मार्स’ ही कॉन्डो यांची दुसरी गाजलेली चित्रपट्टी १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्यात मंगळावरून आलेला पाहुणा माणसांचे वागणे टिपून घेतो आणि त्याचे भलतेच अर्थ लावतो. विज्ञानकल्पनेवरच्या अगदी आरंभीच्या चित्रपट्ट्यांत तिची गणना होते. विषय दोन्हीकडे चारचौघांतले वागणेच. फक्त स्कायगॅक वही काढतो, एव्हरेट छत्री.

एव्हरेटच्या निवडक पट्ट्यांचा संग्रह १९०७ मध्येच निघाला आणि १९२१ मध्ये आणखी एक. प्रकृतीच्या कारणाने कॉन्डो यांनी १९२७ मध्ये काम सोडले, तेव्हा पट्टीही संपली. १९८३ मध्ये जुन्या पट्ट्या पुस्तकरूपाने पुन्हा छापल्या गेल्या.