टॅबलेटला वायफाय लागत नाही? रिसेट करण्याआधी हे वाचा

नवा राउटर बसला, घरातले सगळे मोबाइल लगेच जोडले गेले, पण मुलांचा जुना टॅबलेट काही जोडला जात नाही. पासवर्ड टाकला की क्षणभर ‘कनेक्टिंग’ आणि पुन्हा ‘सेव्ह्ड’. अशी तक्रार घेऊन दुकानात येणारे कित्येक ग्राहक तोवर टॅबलेट फॅक्टरी रिसेट करून बसलेले असतात. फोटो गेले, मुलांचा अभ्यास गेला आणि वायफाय तरीही लागले नाही, हे ऐकून आम्हालाच वाईट वाटते. कृपया रिसेटची घाई करू नका.

आधी एवढे करून पाहा. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, त्याच्या सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए २ (वायफायची एक सुरक्षा पद्धत) निवडा आणि टॅबलेट त्याला जोडा. जोडला गेला तर टॅबलेटचे वायफाय ठणठणीत आहे, घोळ राउटरच्या सेटिंगमध्ये शोधायचा.

राउटर आणि टॅबलेट या दोघांनाही एकच सुरक्षा पद्धत समजावी लागते. डब्ल्यूपीए २ ही पद्धत २००४ साली आली, डब्ल्यूपीए ३ २०१८ साली. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए ३ ची सोय झाली ती २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून. तुमचा टॅबलेट अँड्रॉइड ७ किंवा ८ वर असेल आणि राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए ३’ वर ठेवला असेल, तर पासवर्ड शंभर वेळा बरोबर टाकूनही उपयोग नाही.

राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंग पानाचा पत्ता असतो. जोडलेल्या मोबाइलवरून ते पान उघडा, वायरलेस सिक्युरिटीत जा आणि ‘डब्ल्यूपीए २/डब्ल्यूपीए ३’ असा मिश्र पर्याय निवडा. काही जुने टॅबलेट त्यावरही अडखळतात. मग ‘डब्ल्यूपीए २ पर्सनल, एईएस’ ठेवा (एईएस म्हणजे माहिती सांकेतिक करण्याची पद्धत). तिथेच ‘पीएमएफ’ नावाची (वायफायचे नियंत्रण-संदेश सुरक्षित ठेवणारी) सेटिंग दिसली आणि ती ‘रिक्वायर्ड’वर असली, तर ‘ऑप्शनल’ करा. सेव्ह केल्यावर टॅबलेटवर त्या नेटवर्कला ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्याने टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी रिकामी जागा चिकटून येते, आणि स्टिकरवरचे शून्य व इंग्रजी ‘ओ’ सारखेच दिसतात. डोळ्याच्या चिन्हावर टॅप करून एकदा नीट वाचून घ्या.

उलटेही घडते. नव्या आयपॅडवर ‘वीक सिक्युरिटी’ दिसले तर राउटरच डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कमकुवत सुरक्षा पद्धतींवर आहे. टीकेआयपीमुळे वेगही ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. एईएस करा, दोन्ही कामे होतील.

राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच आत घेण्याची सोय, लावला असेल तर आणखी एक अडचण. अँड्रॉइड १० आणि आयपॅडओएस १४ पासून टॅबलेट आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) न सांगता बनवलेला पत्ता देतो. यादीत तो नसल्यामुळे राउटर त्याला आत घेत नाही. घरच्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. आयपॅडवर ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ बंद करा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: टॅबलेट लागावा म्हणून सिक्युरिटी ‘ओपन’ किंवा ‘नन’ करू नका. मग जिन्यातला कोणीही तुमच्या नेटवर्कवर येतो, आणि तुमच्या जोडणीवरून त्याने काही गैर केले तर चौकशी तुमच्या दारात येते. टॅबलेट इतका जुना असेल की त्याला डब्ल्यूपीए २ सुद्धा कळत नाही, तर राउटरवर त्याच्यासाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करण्यापेक्षा तो बदललेलाच बरा.

एवढे करूनही जमले नाही तर टॅबलेट चार्जरसह दुकानात आणा. सोबत राउटरच्या स्टिकरचा आणि सिक्युरिटीच्या पानाचा फोटो असू द्या. पासवर्ड मात्र फोटोत झाका.