खुलासा : बायोगॅसच्या टाकीतले सगळे विषाणू रोगाचे नसतात

‘गोबरगॅसच्या टाकीत विषाणू असतात, म्हणजे स्लरी (टाकीतून बाहेर पडणारा पातळ गाळ) रोगट’ हा समज बरेच दिवस फिरतो आहे. विषाणू असतात, तेही प्रचंड संख्येने आणि नाना प्रकारचे. पण बहुतेकांचे भक्ष्य माणूस किंवा गुरे नव्हेत, टाकीतलेच सूक्ष्मजीव असतात. काही विषाणू शेण-खरकटे कुजवणाऱ्या जिवाणूंना फोडतात. मिथेन मात्र जिवाणू बनवत नाहीत. ते काम आर्किया नावाच्या वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांचे, आणि त्यांचेही स्वतःचे विषाणू आहेत. असा एक विषाणू १९८९ मध्ये नोंदवला गेला, तो ५५ ते ६० अंश सेल्सिअसला चालणाऱ्या प्रायोगिक टाकीतूनच मिळाला होता. पेशी फुटली की आतला ऐवज शेजारच्या जिवाणूंचे खाद्य होतो, हे मला फार विलक्षण वाटते.

काळजी घ्यायची ती टाकीत काय ओततो याची. मैला किंवा कत्तलखान्यातला कचरा असेल, तर रोगाचे विषाणूही आत येऊ शकतात. ३५ अंशांच्या टाकीत ते कमी होतात, पण सगळे संपतीलच असे नाही. पार्व्होसारखे, प्राण्यांना आजारी पाडणारे काही विषाणू तर उष्णतेलाही चिवट. म्हणूनच युरोपीय संघात बायोगॅससाठीचा बराचसा प्राणिज कचरा आधी बारीक करून ७० अंशांवर तासभर तापवावा लागतो.