पिलाटेस फिटनेससाठी की पाठीसाठी?

डॉक्टरांनी कंबरेसाठी पिलाटेस सांगितलंय, घोडबंदर रोडला घराजवळच क्लास आहे, लावू का? ठाण्यात हा प्रश्न हल्ली बराच कानावर येतो. त्यावर आधी विचारायला हवं, की क्लास क्लासिकल आहे की क्लिनिकल. नाव एक, मशीनही बरीचशी तीच, पण काम वेगळं.

क्लासिकल म्हणजे जोसेफ पिलाटेसची मूळ पद्धत. 1883 साली जर्मनीत जन्मलेल्या या माणसाने 1945 च्या आपल्या पुस्तकात मॅटवरचे 34 व्यायाम दिले. क्लासिकल क्लास त्याचे व्यायाम आणि त्यांचा क्रम शक्यतो तसाच ठेवतो. धडधाकट शरीराला ही कसरत उत्तम.

क्लिनिकलमध्ये आधी फिजिओथेरपिस्ट तपासतो आणि मग तुमच्यापुरते व्यायाम निवडतो. फरक कळायला 'हंड्रेड' हा एकच व्यायाम पुरे. मुळात उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे, सरळ पाय अधांतरी धरायचे, हात वर-खाली हलवत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं शंभरापर्यंत. आता मांडी उचलणारा एक मोठा स्नायू थेट कंबरेच्या मणक्यांना जोडलेला असतो. पोटाची पकड कमी पडली की पायांचं वजन पेलताना तो मणक्यांना ओढतो आणि कंबर जमिनीपासून उचलली जाते. म्हणून क्लिनिकलमध्ये डोकं खालीच, गुडघे दुमडलेले. एका वेळी एकच पाऊल उचलायचं, आणि कंबर हलत नाही ना हे फिजिओ हात लावून बघतो. दिसायला अगदीच किरकोळ, पण दुखऱ्या कंबरेला तेच हवं असतं.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी तर जास्तच जपावं. पुढे वाकून पाठ गोल करण्याच्या व्यायामांनी मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येतो, फ्रॅक्चरचा धोका वाढतो. क्लासिकल क्रमात असे व्यायाम पुष्कळ आहेत. साठीच्या आईला स्वतःच्या ग्रुप क्लासला सोबत नेण्याआधी हे तपासाच.

रिफॉर्मर म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली सरकती गाडी असलेलं पिलाटेसचं मशीन. त्याबद्दलही एक गैरसमज आहे, की स्प्रिंग कमी लावल्या म्हणजे व्यायाम सोपा. झोपून पायांनी ढकलताना ते खरं. पण त्याच सरकत्या गाडीवर प्लँक करताना उलट होतं. स्प्रिंग हलकी की गाडी सहज निसटते, आणि ती आवरायला पोटाला दुप्पट राबावं लागतं. त्यामुळे रिफॉर्मर म्हणजे आपोआप सुरक्षित, असं मी तरी मानत नाही.

काहीच दुखत नसेल, तर वाशी-खारघरला जिथे प्रशिक्षक चांगला आणि बॅच छोटी, तिथे खुशाल जा. दुखत असेल, तर फोनवरच विचारा: पहिल्या दिवशी तपासणी कोण करतं, ती व्यक्ती फिजिओथेरपिस्ट आहे का, आणि माझे रिपोर्ट बघणार का? फक्त पॅकेजचे दर सांगितले, तर दुसरीकडे फोन लावा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा जोर कमी वाटत असेल, तर क्लास राहू द्या, आधी डॉक्टरकडे जा.