दिसला नाही, हीसुद्धा नोंद

तळ्यावरून बदकांचा मोठा थवा उठतो. काठावर दोघे शेजारी शेजारी उभे. एकाच्या वहीत ३५० लिहिले जातात, दुसऱ्याच्या वहीत ५००. थव्याचा फोटो काढून नंतर निवांत एकेक पक्षी मोजला, तर आकडा बऱ्याचदा दोघांपेक्षाही जास्त भरतो, कारण मोठ्या थव्याचा अंदाज माणूस सहसा कमीच करतो. अशा हौशी मोजणीवर शास्त्रज्ञांनी भरवसा कसा ठेवायचा? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधताना मोजणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या चुकीचा स्वभाव आधी पाहावा लागतो.

एखादा वजनकाटा दर वेळी दोन किलो कमी दाखवत असेल, तरी वजन वाढते आहे की घटते आहे हे त्यावरून कळते. घोटाळा होतो तो काटाच वर्षागणिक बदलत गेला तर. तो सुधारत गेला तरी फसगत तेवढीच. उत्तर अमेरिकेत पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या विणीच्या हंगामातल्या गणनेत हेच दिसून आले. तिथे रस्त्याकडेचा सुमारे ३९ किलोमीटरचा मार्ग ठरलेला असतो. त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर घड्याळ लावून ३ मिनिटे, आणि ४०० मीटरच्या आत दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी मोजायचा. इतकी शिस्त असूनही १९९० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आले, की मार्गावर जुन्या निरीक्षकाच्या जागी नवा आला की अनेक जातींचे आकडे वाढतात. शिवाय पहिल्या वर्षी माणूस थोडा बावरलेला असतो, पुढच्या वर्षापासून तोच जास्त पक्षी टिपतो. पक्षी तेवढेच, कान तयार झालेले! ही वाढ खरी मानली असती तर काही जातींची घट झाकली गेली असती. म्हणून आता विश्लेषणात प्रत्येक निरीक्षकाचा फरक वेगळा धरतात आणि पहिल्या वर्षाचा परिणाम बाजूला काढतात. उतारवयात उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, ती उलट दिशेची चूक.

मेहनतीचाही हिशेब हवा. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेतले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या हाकेला ओ देऊन २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. आज त्याच गणनेत हजारो लोक उतरतात, तेव्हा आकडा फुगणारच. म्हणून पक्ष्यांच्या संख्येला गटांनी घालवलेल्या तासांनी भागतात. वेळ, अंतर आणि सोबतची माणसे हे रकाने कंटाळून रिकामे सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याहून मोलाचा एक प्रश्न आहे. २००२ पासून चालणाऱ्या, पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर यादी भरताना विचारले जाते: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? ‘हो’ म्हटले की यादीत नसलेल्या नावांनाही अर्थ येतो. ‘कावळा काय लिहायचा’ म्हणून तो गाळला आणि तरीही ‘हो’ म्हटले, तर कावळे कमी झाल्याचा खोटा पुरावा तयार होतो. अर्थात दिसला नाही म्हणजे नव्हताच, असेही नाही. एखादा लाजरा पक्षी जागेवर असताना एका फेरीत दिसण्याची शक्यता निम्मी असेल, तर तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता आठात एक उरते. एकाच जागी पुन्हा पुन्हा केलेल्या याद्यांमधून ही दिसण्याची शक्यताच गणिताने काढता येते आणि मग पक्षी किती ठिकाणी असावा, याचा अंदाज सुधारतो.

एक चूक मात्र फार खोलवर मुरते. समजा, एका नेहमीच्या पक्ष्याच्या १०,००० नोंदी झाल्या आणि त्यातल्या फक्त १ टक्क्यात तो त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुर्मीळ पक्ष्याच्या नावावर गेला. झाल्या १०० खोट्या नोंदी. खऱ्या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी असतील जेमतेम १०. नोंदींचा ढीग वाढवून ही चूक धुऊन निघत नाही. म्हणून अनपेक्षित जात किंवा अवाजवी मोठा आकडा आला की नोंद अडवून जाणकाराकडे पाठवतात, तो फोटो मागतो. तुमच्यावर अविश्वास दाखवला असे वाटून यावर चिडणारे चिडतात. मला मात्र हा प्रश्न विचारला जातो याचाच दिलासा वाटतो.

मग हे सगळे करून हाती आलेले चित्र खरे का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, बव्हंशी अशाच हौशी गणनांच्या आधारे, १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी, म्हणजे २९ टक्के, घटल्याचे दाखवले. त्याच अभ्यासात हवामानाच्या १४३ रडारांच्या नोंदीही तपासल्या होत्या. रडारला जात ओळखता येत नाही, पण रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे एकूण वजन अंदाजता येते. २००७ ते २०१७ या काळात वसंतातल्या स्थलांतरात ते सुमारे १४ टक्क्यांनी घटलेले आढळले. कालखंड वेगळा, मोजमाप वेगळे, दिशा तीच.

कठीण उरतो तो जागांचा प्रश्न. माणसे सुटीच्या दिवशी, रस्त्यालगत आणि जिथे भरपूर पक्षी दिसतील तिथे जातात. निशाचर पक्षी आणि दुर्गम जंगले मागे राहतात. ब्रिटनमध्ये १९९४ पासूनच्या गणनेत यावर तोडगा म्हणून एक किलोमीटरचे चौकोन यदृच्छेने निवडतात. ज्याच्या वाट्याला जो चौकोन येईल तिथे त्याने विणीच्या हंगामात दोनदा जायचे, ठरलेल्या दोन रेषांवरून चालत मोजायचे. कुणाच्या वाट्याला नुसती शेते येतात. तरी माणसे वर्षानुवर्षे सकाळी तिथे जातात आणि मोजक्या, नेहमीच्याच नावांची यादी पाठवतात. त्या याद्यांविषयी मला फार आदर आहे.